बँड आता फक्त बघायचा उरलाय का?

शनिवारकर

गेल्या शनिवारी होम गेमला जाऊन आलो. तेव्हापासून बायकोचं डोकं खातोय, आता तुमचं खातो.

फुटबॉल म्हणजे इथला, अंडाकृती चेंडूचा. तो कळत नसेल तरी वाचा, कारण विषय बँडचा आहे. इथल्या कॉलेजच्या सामन्यात हाफटाइम वीस मिनिटांचा असतो. तेव्हा दोन-अडीचशे पोरं मैदानावर उतरतात आणि वाजवता वाजवता चालत आकृत्या काढतात. उरलेला वेळ ती स्टँडमध्ये बसून टचडाउन झालं, म्हणजे चेंडू गोललाइनपलीकडे गेला, की विद्यापीठाचं गाणं वाजवतात. मी पीएच.डी.ला आलो तेव्हापासून, म्हणजे वीसेक वर्षं, या एकाच स्टेडियममध्ये जातोय. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. गावात मराठी घरं बारा, त्यातल्या दोन घरची पोरं बँडमध्ये आहेत आणि दिवाळीला आम्ही सगळे एकाच हॉलमध्ये भेटणार आहोत. मिडवेस्टमधलं मोठं सरकारी विद्यापीठ, एवढं पुरे.

तर शनिवारी थीम होती अंतराळ. पोरांनी मैदानावर रॉकेट काढलं. रॉकेटच्या बुडातून ज्वाळा निघत होत्या, मग ते उडालं. मोठ्या पडद्यावर वरच्या कॅमेऱ्यातून दाखवत होते आणि पब्लिक वेडं झालं होतं. मी कोपऱ्यातल्या स्टँडमध्ये चौदाव्या रांगेत. मला दिसल्या टोप्यांचे तुरे आणि पाठी. आणि ऐकू काय आलं? धडधड. मग ट्रम्पेटचा एक तुकडा. मग तोच तुकडा परत, पलीकडच्या टोकाकडून, उशिरा. सूर कुठला ते बायकोने सांगितलं, तेही तिने पडद्यावर नाव वाचलं म्हणून.

दुसरं दुखणं स्टँडमधल्या वादनाचं. पोरं वाद्यं तोंडाला लावतात, चार मात्रा वाजवतात, तेवढ्यात डीजे लाउडस्पीकरवर आपलं घमासान सुरू करतो. पोरं वाद्यं खाली घेतात. शनिवारी मी मोजलं, फक्त दुसऱ्या क्वार्टरमध्ये नऊ वेळा.

माझं म्हणणं असं की हे बँड आता कॅमेऱ्यासाठी चालतात, कानासाठी वाजवत नाहीत. २०१३ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या बँडने मैदानावर डायनासॉर चालवून दाखवला, व्हिडिओ जगभर फिरला, आणि तेव्हापासून प्रत्येक बँडला स्वतःचा डायनासॉर हवाय.

बोला.

बक्कळआय

ओहायो स्टेटचं नाव काढलंत, आता आम्हाला यावंच लागलं. कोलंबसला, म्हणजे ओहायो स्टेटलाच, दोन वर्षं एमएस केलं, नोकरीही तिथेच. ओहायो स्टेटवाल्यांना 'बकआय' म्हणतात, आयडीवरून कळलं असेलच.

शनिवारकर, चित्र काढणं यूट्यूबने आणलं हे साफ चूक. पर्ड्यूच्या बँडने मैदानावर 'पी' अक्षर काढलं ते १९०७ साली. आमचं 'स्क्रिप्ट ओहायो' १९३६ चं आहे. तेव्हा कुठला ड्रोन? अख्खा बँड एका रांगेत, आगगाडीसारखा, एकामागून एक वळत वळत इंग्रजी लिपीत 'ओहायो' लिहीत जातो. ओळ स्वतःलाच छेदून जाते, म्हणजे दोन पोरं एकमेकांच्या मधून पार होतात आणि कुणी कुणाला धडकत नाही. शेवटी एक सूझाफोनवाला, म्हणजे ते अंगाभोवती गुंडाळलेलं पंधराएक किलोचं पितळी धूड घेतलेला, ड्रम मेजरच्या, म्हणजे बँडच्या पुढे चालणाऱ्या म्होरक्याच्या, मागोमाग तुरुतुरु येतो आणि 'आय'वरचा ठिपका होतो. टोपी काढून इकडच्या स्टँडला वाकून नमस्कार, वळून तिकडच्या स्टँडला नमस्कार. लाखभर माणूस उभं असतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेजारी एक आजोबा ढसाढसा रडत होते. मला वाटलं यांचं कोणीतरी गेलं.

हे चित्रच आहे की! आणि ते वाजतंही. १९३४ पासून आमच्याकडे फक्त पितळी वाद्यं आणि ड्रम. सामन्याआधी रॅम्पवरून मिनिटाला १८० पावलांनी खाली येतात तेव्हा छाती हलते.

निळापिवळा

फक्त नोंद म्हणून: मैदानावर 'ओहायो' असं वळणदार अक्षरात पहिल्यांदा लिहिलं मिशिगनच्या बँडने, १९३२ साली, तुमच्याच स्टेडियममध्ये, पाहुणे म्हणून. चालू द्या.

बक्कळआय

आलेच. तुम्ही काढलं आणि सोडून दिलंत. आम्ही त्याचा ठिपका केला.

शनिवारकर

बक्कळआय, तुमच्या बँडशी माझं भांडण नाही. पितळच पितळ, त्यात तुमच्याकडे दर आठवड्याला राखीव पोरं नेहमीच्यांना आव्हान देऊन जागा हिसकावतात म्हणे. जागा जायची भीती असली की माणूस वाजवतो. माझं भांडण बाकीच्यांशी आहे. त्यांनी तुमचा डायनासॉर घेतला, तुमचा रियाज घेतला नाही.

क्लॅरिनेटची आई

रॉकेटवरून विद्यापीठ ओळखलं. मीही नाव घेत नाही.

माझी लेक त्या रॉकेटच्या डाव्या पंखात होती. दुसरं वर्ष, मेकॅनिकल. बँडमधल्या बहुतेक पोरांसारखीच ती संगीताची विद्यार्थिनी नाही. ऑगस्टमध्ये बाकीचे सुट्टी संपवत असतात तेव्हा ही पार्किंग लॉटच्या डांबरावर सकाळी आठपासून चालते. पायमोज्यांच्या वर गोरं, खाली काळं... नाही, उलट. पाय बघितलेत तर हसाल. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच, ना कमी ना जास्त. घरी आली तरी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये त्याच मापाने चालते. आमच्या फरशा आता तिला पाठ आहेत.

आता तुमच्या 'उशिरा आलेल्या तुकड्या'बद्दल. हा प्रश्न मीही तिला विचारला होता, पहिल्याच सामन्यानंतर, तुमच्यासारखंच तोंड करून. तिने कागदावर गणित मांडलं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. बँड मैदानावर सत्तर यार्ड पसरला तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ६४ मीटर, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा जवळजवळ. मिनिटाला १८० ची चाल धरली तर एक ठोका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याचा. म्हणजे या टोकाला बसलेल्या माणसाला त्या टोकाचं ट्रम्पेट अर्ध्याहून जास्त ठोका मागे ऐकू येणारच, पोरांनी कितीही चोख वाजवलं तरी. म्हणून त्यांना पहिल्या दिवशी शिकवतात की लांबच्या वाद्यावर कान देऊन वाजवायचं नाही, ड्रम मेजरच्या हाताकडे बघायचं. नाहीतर ऐकून वाजवलेलं आणखी मागे पडतं. समोर मध्यावर बसलेल्याला मात्र ते बरंचसं एकत्र पोचतं. अख्खा शो त्याच बाजूसाठी बसवलेला असतो.

तुम्ही बसलात कोपऱ्यात, चौदाव्या रांगेत. खुर्चीची तक्रार बँडवर ढकलू नका.

टिपरू

ताई, दंडवत. हे गणित आमच्या पथकात कुणी मांडलं असतं तर माझी अकरा वर्षं वाचली असती.

शनिवारकर

ताई, गणित मान्य. लेकीला शाबासकी सांगा, मनापासून.

पण मग मला एक सांगा. याच कोपऱ्यात मी वीस वर्षं बसतोय. तिकीट परवडतं तिथलंच. पूर्वी सूर कळायचा. आवाजाचा वेग काही मधल्या काळात कमी झाला नाही. फरक एवढाच की पूर्वी बँड चौकोनात, दाटीने उभा राहायचा, आकृती काढलीच तर एखादं अक्षर, मग थांबून समोर तोंड करून गाणं पूर्ण वाजवायचे. आता चित्रासाठी पोरं या गोललाइनपासून त्या गोललाइनपर्यंत पांगतात आणि एक क्षण थांबत नाहीत, कारण थांबलं तर व्हिडिओत मजा नाही. मागे तोंड करून पळत असलेला माणूस क्लॅरिनेट काय वाजवणार? म्हणजे तुमच्या गणितानेच माझं म्हणणं सिद्ध झालं. पांगायचं हे कुणीतरी ठरवलंय. ठरवताना कान मोजला नाही.

क्लॅरिनेटची आई

मागे तोंड करून कुणी वाजवत नाही. कमरेपासून वर समोर असतात आणि पाय आडवे चालतात. करून बघा, चार पावलांत पाठ धरेल.

पांगतात हे खरं आहे. त्यावर उत्तर नाही माझ्याकडे. लेकीला विचारते.

नॅशव्हिलचा नाना

तुमचं सगळं वाचलं. गोऱ्या विद्यापीठांच्या बँडबद्दल बोलताय आणि अख्ख्या देशाचं म्हणून बोलताय. काळ्यांच्या कॉलेजांचे बँड ऐकलेत का कुणी? जॅक्सन स्टेटचा 'सॉनिक बूम', सदर्न विद्यापीठाचा 'ह्यूमन ज्यूकबॉक्स', फ्लोरिडा ए अँड एमचा 'मार्चिंग हंड्रेड'? मी नॅशव्हिलला टेनेसी स्टेटच्या सामन्यांना जातो. घरापासून वीस मिनिटं. पहिल्यांदा एका सहकाऱ्याने ओढून नेलं. हाफटाइमला मी सवयीने खायला आणायला उठलो तर त्याने शर्टाला धरून खाली बसवलं. म्हणाला, खायला सामना चालू असताना जा.

तिथे हाफटाइमला कोणी जागचं हलत नाही. गुडघा कमरेपर्यंत उचलून चालतात, नाचतात, आणि या आठवड्यात रेडिओवर आलेलं गाणं पुढच्या आठवड्यात मैदानावर असतं. खरी मजा सामना संपल्यावर. सामना चार क्वार्टरचा, म्हणून त्याला पाचवा क्वार्टर म्हणतात. दोन्ही बँड आपापल्या स्टँडमध्ये उभे. हा एक गाणं टाकतो, तो त्याला उत्तर देतो. हा आणखी चढवतो. माझं गाव सिंधुदुर्गात. मला तिथे उभं राहून सरळ डबलबारी आठवली. एका बुवाने गजर घेतला की समोरचा बुवा त्याचा बाप काढतो, पण भजनातून, आणि पहाट होते तरी कुणी उठत नाही. अगदी तेच. मैदानावरचं चित्र वगैरे कुणी विचारत नाही, कोण वाजवून गेला ते विचारतात. टेनेसी स्टेटच्या बँडला २०२३ मध्ये ग्रॅमी मिळालं, गॉस्पेलच्या अल्बमसाठी. कॉलेजच्या मार्चिंग बँडला! तुमच्या डायनासॉरला मिळालंय का?

बक्कळआय

ग्रॅमीबद्दल अभिनंदन. पण ते बँड मी अटलांटात ऐकलेत. वाजवतात की फाडतात? सूझाफोन अशा ताकदीने फुंकतात की सूर फुटून नुसता फर्र असा आवाज येतो. सूर धरून फुंकणं हेच खरं कसब. आणि तिथल्या रॅगिंगबद्दलही बोला की. फ्लोरिडा ए अँड एममध्ये २०११ साली एका ड्रम मेजरचा जीव गेला मारहाणीत. बँड त्यानंतर कितीतरी महिने बंद होता.

नॅशव्हिलचा नाना

बोलतो. आणि २०१४ साली ओहायो स्टेटच्या बँड डायरेक्टरला का काढलं, तेही तुम्ही बोला. बँडमधल्या लैंगिक छळाच्या वातावरणाबद्दल विद्यापीठाचाच चौकशी अहवाल आहे.

क्लॅरिनेटची आई

दोघांनाही विनंती, हे इथे गुण मोजायला वापरू नका. ज्या घरातलं पोर बँडमध्ये असतं त्या घरात या दोन्ही बातम्या नीट वाचल्या जातात. मी लेकीला पहिल्या वर्षी बसमध्ये काय चालतं हे दर आठवड्याला विचारायचे, ती वैतागायची. अजूनही विचारते.

नॅशव्हिलचा नाना

बरोबर आहे ताई. मागे घेतो.

बक्कळआय

मीही. पण 'फर्र' मागे घेत नाही.

नॅशव्हिलचा नाना

नका घेऊ. 'फर्र' नाही तो, भरलेला आवाज आहे. तुम्हाला शाळेतल्या कवायतीच्या बँडसारखं पॉलिश केलेलं लागतं. समोरच्या स्टँडपर्यंत, शंभरावर यार्ड पलीकडे आवाज पोचवायचाय, माइकशिवाय. घरातल्या सुरात वाजवून पोचेल का? आणि बारकाईने ऐका, मागे हळूची गाणीही वाजवतात, लाउडस्पीकरवर ऐकतो त्यापेक्षा मऊ. ते तुम्ही अटलांटात ऐकलं नसणार, कारण तेव्हा तुम्ही नाचोज आणायला गेला होतात.

स्कोअरबोर्ड

एवढा काथ्याकूट कशाला? लोक सामना बघायला जातात. बँड म्हणजे मसाला दूध. मिळालं तर बरं, नाही मिळालं तर कुणी परत जात नाही. डीजे का असतो? खेळाडूंना तो लागतो. ज्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराला विद्यापीठात ओढून आणायचंय तो बाजूला उभा असतो, त्याला १९१५ चं गाणं वाजवून दाखवणार का?

कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात बँडने सामन्यात फरक पाडल्याचा एकच प्रसंग आहे. २० नोव्हेंबर १९८२. कॅलिफोर्निया विरुद्ध स्टॅनफर्ड, शेवटची चार सेकंदं. स्टॅनफर्डच्या बँडला वाटलं जिंकलो, उतरले मैदानात. इकडे कॅलिफोर्नियावाले चेंडू एकमेकांना देत देत पळत होते, पाच वेळा दिला, शेवटचा खेळाडू बँडच्या गर्दीतून घुसला आणि गोललाइनपलीकडे एका ट्रॉम्बोनवाल्याला आडवं केलं. २५-२०. बँडचं योगदान समाप्त.

शनिवारकर

हा हा. तो ट्रॉम्बोन आता कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये ठेवलाय. हरलेल्या संघाचं बाकी काय ठेवलंय तिथे, सांगा.

बक्कळआय

@स्कोअरबोर्ड, कोलंबसला या एकदा. होम गेमच्या सकाळी सेंट जॉन अरीनात 'स्कल सेशन' असतं. बँड नुसता बसून वाजवतो, चेंडूचा पत्ता नाही, फुकट आहे आणि माणसं रांग लावून येतात. कित्येक जण तेवढं ऐकून घरी जाऊन सामना टीव्हीवर बघतात.

आणि त्या डायनासॉरच्या दिवशी, २६ ऑक्टोबर २०१३, आम्ही पेन स्टेटला ६३-१४ हरवलं. एवढा दणदणीत विजय. विचारा कुणालाही त्या दिवसाबद्दल. डायनासॉर सांगतील.

स्कोअरबोर्ड

टीव्हीवर बघतात म्हणालात ना? टीव्ही हाफटाइमला बँड दाखवतो का? स्टुडिओतले चार कोटवाले दाखवतो. माझा मुद्दा संपला.

शनिवारकर

हा मुद्दा खरा आहे, आणि दुर्दैवाने माझ्याच बाजूचा. टीव्हीवर जागा नाही, म्हणून बँड दीड मिनिटाच्या व्हिडिओसाठी शो बसवतो. मोबाइलच्या स्पीकरवर सूर कोण ऐकतंय? चित्र मात्र दिसतं.

टिपरू

बराच वेळ वाचतोय, आता राहवत नाही. पुण्यात अकरा वर्षं पथकात ढोल वाजवला, आता न्यू जर्सीत मंडळाच्या पथकात आहे.

चित्र की आवाज, हा झगडा आमच्याकडेही आहे. लक्ष्मी रोडवर दोन्ही बाजूंना इमारती, आवाज भिंतीवर आपटून परत अंगावर येतो, त्यामुळे चाळीस ढोल शंभरासारखे वाटतात. तेच पथक मोकळ्या मैदानावर उभं केलं की आवाज कुठे जातो कळत नाही. इथे न्यू जर्सीत शाळेच्या पार्किंगमध्ये पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मला वाटलं सगळ्यांची पानं उतरलीत. ढोलाच्या कातड्याला आम्ही पान म्हणतो, पावसात ते सैल पडतं. म्हणून दोऱ्या आवळत बसलो. पानं ठीक होती, भिंती नव्हत्या.

आणि ताईंनी लिहिलं ते 'ऐकायचं नाही, बघायचं', ते आमच्याकडे ताशावाल्याच्या हाताकडे बघणं. मागच्या रांगेतला नवा पोरगा कान देऊन वाजवतो आणि अख्खी रांग ओढतो. त्याला ओळखायची खूण म्हणजे त्याचे डोळे मिटलेले असतात. फार तल्लीन झालेला दिसतो. फोटो त्याचाच छान येतो.

बाकी रील्सबद्दल म्हणाल तर आमच्याकडेही चौकात ड्रोन आला की ध्वजवाले अचानक जागे होतात. मी पथकात लागलो तेव्हा 'कुठला हात वाजवताय' असं विचारायचे. आता 'व्हिडिओ कधी टाकताय'.

पण शनिवारकर, तुमची बाजू अर्धीच पटते. पोरं वाईट वाजवतात हे तुम्ही कुठेच दाखवलं नाहीत. वाजवू दिलं जात नाही एवढंच दिसतंय.

शनिवारकर

हम्म.

शीर्षकात 'पोरं' नाहीत, हे माझ्या बाजूने. पण पहिल्या पोस्टचा सूर तसा लागलाय, हे तुमच्या बाजूने.

क्लॅरिनेटची आई

लेकीशी बोलले. पांगण्याबद्दल ती म्हणाली, त्यांच्यातही दोन तट आहेत. ड्रमवाले आणि लो ब्रास, म्हणजे ट्रॉम्बोन-सूझाफोनसारखी खर्जातली पितळी वाद्यं वाजवणारे, म्हणतात दाट उभे राहू, वाजवू. ट्रम्पेटवाल्यांना डायनासॉर हवाय. क्लॅरिनेटला कुणी विचारत नाही, कारण स्टेडियमच्या वरच्या डेकवर क्लॅरिनेट तसंही ऐकू येत नाही, पिकोलो, म्हणजे ती छोटी बासरी, मात्र येते. हे ती हसत सांगत होती. मला हसू आलं नाही.

डीजेबद्दल मात्र सगळा बँड तुमच्या बाजूने आहे. चेंडू टाकायच्या वेळी बँडने गप्प बसायचं हा नियमच आहे, खेळाडूंना एकमेकांच्या हाका ऐकू याव्यात म्हणून. म्हणजे वाजवायला दोन खेळींच्या मधली तीसेक सेकंदं मिळतात. त्यातली पंचवीस डीजे आणि जाहिराती खातात. नोव्हेंबरात तर पोरं नुसती वाद्यं गार होऊ नयेत म्हणून धडपडत असतात. तिच्या पुढचा ट्रम्पेटवाला माउथपीस काढून काखेत धरून बसतो आणि इशारा आला की लावतो. कारण गार पितळ सूर खाली ओढतं आणि ओठाला चिकटतं. तो बिचारा कालच्या सामन्यात अकरा वेळा काखेतून काढून परत काखेत ठेवत होता. वाजवलं तीन वेळा.

शेवटच्या होम गेमला कोपऱ्यात बसू नका. प्रेस बॉक्सच्या बाजूला, वरच्या डेकवर, ४५ यार्डाच्या आसपास तिकीट काढा. मग येऊन लिहा.

स्कोअरबोर्ड

माउथपीस काखेत. रात्रीचं जेवण गेलं.

शनिवारकर

अहवाल.

ताईंनी सांगितलं तिथेच तिकीट काढलं. कोपऱ्याच्या दुपटीहून जास्त पडलं. बायको आली नाही, कारण सकाळपासून बर्फमिश्रित पाऊस. तिचं बरोबर होतं.

हाफटाइमला रॉकेटच होतं परत, मोसमातला आवडता शो म्हणून. आणि वरून, मध्यावरून... काय सांगू, सूर आला. सगळा, एकत्र. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, खाली सूझाफोन, मध्ये ड्रम. ज्वाळा निघतात तिथे ट्रॉम्बोनची घसरण आहे हे मला आज कळलं. म्हणजे चित्र आणि सूर एकमेकांना धरून बसवलेत. कोपऱ्यातून ते कधीच कळलं नसतं. एवढं कबूल.

पण दोन गोष्टी. एक, त्या स्टेडियमात मध्यावरची वरची जागा परवडणारे किती? विद्यार्थी सगळे एका टोकाला, बँडच्या पाठीशी. ज्यांच्यासाठी बँड, त्यांना पाठच. दुसरी, मला असं स्पष्ट वाटलं की आज बँड नेहमीपेक्षा खणखणीत होता. पाऊस, थंडी, तरी. का ते कळेना. पितळ गार झाल्यावर सूर पडायला हवा ना?

बक्कळआय

😀 सांगा ताई, सांगून टाका.

क्लॅरिनेटची आई

सांगते. पावसात लाकडी वाद्यं आणि सॅक्सोफोन बाहेर काढत नाहीत. पॅड भिजून फुगतात, दुरुस्तीला शेकडो डॉलर. पन्नासाहून जास्त पोरं आज वाद्याशिवाय उतरली. माझी लेक रॉकेटच्या डाव्या पंखात हात क्लॅरिनेट धरल्यासारखे ठेवून, बोटं हलवत, पूर्ण शो चालली. तुम्ही जे ऐकलंत ते फक्त पितळ आणि ड्रम.

बक्कळआय

१९३४ पासून सांगतोय.

नॅशव्हिलचा नाना

आणि बोटं हलवणाऱ्या पोरीचं कौतुक कोण करणार? शनिवारकर, तुम्ही करा.

शनिवारकर

करतो. ताई, तिला सांगा वरून एकही पाऊल चुकलेलं दिसलं नाही, आणि मी डाव्या पंखाकडे मुद्दाम बघत होतो. वाद्य नाहीये हे मला ओळखता आलं नाही. म्हणजे धाग्याच्या शीर्षकाचं उत्तर मी स्वतःच दिलं म्हणा, आणि फार बरं वाटलं नाही.

क्लॅरिनेटची आई

सांगते. तिला तुम्ही कोण ते माहीत आहे. मलाही दिवाळीलाच कळलं होतं. हॉलमध्ये चकलीच्या टेबलाशी उभं राहून 'नऊ वेळा, मी मोजलं' असं दुसरं कोण सांगत होतं? तुमचा स्टीलचा डबा माझ्याकडे राहिलाय, झाकणावर वहिनींचं नाव आहे. रविवारी बँडच्या पोरांना जेवायला बोलावलंय, सोळा जण आहेत, तो ट्रम्पेटवालाही. डबा न्यायला याल तेव्हा डीजेचं गाऱ्हाणं त्यांच्यासमोर मांडा. आणि येताना दही आणा, दोन मोठे डबे.